आपलं चित्रीकरण, आपलाच संगणक : मुक्तस्रोत व्हिडिओ एन्कोडिंगचा एक पाठ

मंडळाच्या यंदाच्या बैठकीत जमाखर्चाच्या एका ओळीवरून बरीच चर्चा झाली. ओळ होती ‘व्हिडिओ सेवा – वर्गणी’. कविसंमेलनं, व्याख्यानमाला, आणि इंदुरात तीन-तीन पिढ्या राहिलेल्या ज्येष्ठ मंडळींच्या मुलाखती यांचं जे चित्रीकरण आपण करतो, ते एका कंपनीच्या सेवेकडे चढवायचं, तिने ते ‘तयार’ करून द्यायचं आणि आपण दुवा सभासदांना पाठवायचा, अशी पद्धत. ही कंपनी पैसे घेऊन नेमकं करते काय, असं कुणीतरी विचारलं तेव्हा फारसं कुणी बोललं नाही. मंडळाची तांत्रिक बाजू मी बघतो, म्हणून हा पाठ लिहायचं काम माझ्याकडे आलं. संगणकशास्त्राच्या मुलांना यातलं बरंच ठाऊक असेल. मी लिहितोय ते मराठीच्या वर्गात बसणाऱ्या आणि फोनने रेकॉर्डिंग करणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याएवढ्या मंडळाला एन्कोडिंगसाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. का नाही, ते कळायला आधी एन्कोडिंग म्हणजे काय ते बघू.

व्हिडिओ म्हणजे भराभर बदलणारी चित्रं. फुल एचडीच्या एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे २० लाखांहून जास्त. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर एक चित्र सुमारे ६२ लाख बाइटांचं होतं. सेकंदाला अशी २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १५५ एमबी. तासाभराचं व्याख्यान ५६० जीबी! हे कुणी साठवत नाही आणि पाठवूही शकत नाही. म्हणून कॅमेरा स्वतःच ते आकसून ठेवतो आणि पुढे आपण ते आणखी आकसतो. या आकसण्याला एन्कोडिंग म्हणायचं. आधीच आकसलेलं उलगडून दुसऱ्या पद्धतीने पुन्हा आकसलं तर ते ट्रान्सकोडिंग, पण बोलताना दोन्हीला एन्कोडिंगच म्हणतात.

आकसण्याची मुख्य युक्ती सोपी आहे. कवी माइकपुढे उभा आहे, मागे पडदा आणि मंडळाचा फलक. पुढच्या चित्रात पडदा तोच, फलक तोच. फक्त ओठ हलले, हात थोडा वर गेला. मग अख्खं चित्र पुन्हा कशाला लिहायचं? मधून मधून एक पूर्ण चित्र ठेवायचं आणि बाकीच्यांत केवळ फरक लिहायचा. त्यातही डोळ्याला न कळणारे बारकावे सोडून द्यायचे. म्हणूनच कवितावाचनाचं चित्रीकरण फार छान आकसतं आणि लेझीमचं आकसत नाही, कारण तिथे प्रत्येक चित्रात सगळंच बदलत असतं. गॅदरिंगच्या नाचाची फाइल एवढी मोठी का, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. त्याचं उत्तर हेच.

आणखी एक गोंधळ इथेच सोडवू. फाइलच्या नावापुढे ‘एमपी४’ किंवा ‘एमकेव्ही’ लिहिलेलं असतं, तो नुसता डबा असतो. आत भाजी कुठली, ते डब्यावरून कळत नाही. चित्र कोणत्या पद्धतीने आकसलंय, आवाज कोणत्या पद्धतीने, हे वेगळं. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. दोन्ही फाइली एमपी४ असल्या तरी एक फोनवर चालते आणि दुसरी चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा आतला कोडेक वेगळा असणं हेच असतं. आज सगळीकडे चालणारा कोडेक म्हणजे २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४. जुना आहे, पण दहा वर्षांपूर्वीच्या फोनवरही निमूट चालतो.

विकत काय मिळतं?

व्यापारी एन्कोडिंग सेवा तीन कामं करतात. तुम्ही फाइल चढवता. त्यांचे संगणक तिच्या लहानमोठ्या अनेक प्रती करतात, म्हणजे चांगलं नेट असलेल्याला मोठी आणि रेल्वेत बसलेल्याला छोटी दिसावी. मग त्या प्रती ते साठवतात आणि मागेल त्याला पोचवतात. आकारणी बहुधा मिनिटाच्या हिशेबाने होते : तयार झालेल्या व्हिडिओची मिनिटं, साठवणीची जागा, बघितला गेलेला डेटा. यातलं एकही काम फसवं नाही. हजारो माणसं एका वेळी थेट प्रक्षेपण बघणार असतील, तर मी स्वतःच म्हणेन की पैसे द्या.

अडचण दुसरीकडे आहे. सेवा बंद होतात. मायक्रोसॉफ्टची ‘अझ्युर मीडिया सर्व्हिसेस’ ३० जून २०२४ रोजी बंद झाली. ॲमेझॉनने २०१३ मध्ये सुरू केलेली ‘इलॅस्टिक ट्रान्सकोडर’ नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवली. या काही लहान दुकानं नव्हेत. ग्राहकांना आधी सूचना दिल्या होत्या, पर्यायही सांगितले होते. पण मुदतीच्या आत सगळं हलवायला हाताखाली माणसं लागतात. आपल्या मंडळात कार्यकारिणी दरवर्षी बदलते. सूचनेचा ईमेल ज्याच्या पत्त्यावर येणार, तो मुलगा तोवर पास होऊन पुण्याला नोकरीला गेलेला असतो. आपण वापरत होतो त्या सेवेचंही तेच झालं. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. वर्गणीची तारीख टळली आणि जुने दुवे उघडेनासे झाले. त्यात एका ज्येष्ठ काकूंची मुलाखत होती. राजवाड्याजवळच्या त्यांच्या माहेरच्या वाड्यातली मंगळागौरीची रात्र त्यांनी त्यात सांगितली होती, अर्धी मराठीत आणि अर्धी आपल्या इंदुरी हिंदीमिश्रित मराठीत. मूळ फाइल एका सभासदाच्या लॅपटॉपवर होती म्हणून मुलाखत वाचली. काकू आता नाहीत.

एफएफएमपेग आणि त्याची भावंडं

आता पर्यायाकडे. मुक्तस्रोत म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणीही वाचू, वापरू, बदलू आणि वाटू शकतो असं सॉफ्टवेअर. व्हिडिओच्या जगात यातलं सगळ्यात मोठं नाव एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली ते सुरू केलं, तेही जेरार लांतो या टोपणनावाने. (केशवसुत, कुसुमाग्रज, गोविंदाग्रज यांच्या वाचकांना टोपणनावाचं नवल वाटायचं कारण नाही.) नावातला ‘एफएफ’ म्हणजे फास्ट फॉरवर्ड. २००४ पासून पुढची अकरा वर्षं मिखाएल नीडरमायर यांनी प्रकल्प सांभाळला. आज जगात असा क्वचितच एखादा व्हिडिओ असेल जो याला उघडता येत नाही. व्यापारी सेवांपैकी अनेकांच्या पोटातही हेच असतं. नासाचं पर्सिव्हिअरन्स यान फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरलं, तेव्हा उतरण्याचं चित्रीकरण हाताळणाऱ्या यानावरच्या संगणकातही एफएफएमपेग होतं.

एच.२६४ पद्धतीने चित्र आकसणारा एक्स२६४ हा वेगळा मुक्त प्रकल्प आहे. व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या संस्थेच्या छत्राखाली तो चालतो. व्हीएलसीची सुरुवात १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली, हे आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवावं.

एफएफएमपेग आज्ञा टाइप करून चालवायचं असतं. काळी खिडकी बघून पुष्कळजण मागे फिरतात. त्यांच्यासाठी हॅंडब्रेक आहे. खिडक्या-बटणांचं, आत एफएफएमपेगची लायब्ररी आणि एक्स२६४ असलेलं, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालणारं. २००३ मध्ये सुरू झालं आणि १.० आवृत्ती निघाली २०१६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. तेरा वर्षं! घाई नसलेली माणसं. एक सावधगिरी मात्र घ्या. मे २०१७ मध्ये हॅंडब्रेकच्या एका डाउनलोड सर्व्हरवर कुणीतरी मॅकसाठीची खोटी, हेरगिरी करणारी प्रत ठेवली होती, आणि काही दिवस ती लोकांनी उतरवून घेतली. तेव्हा सॉफ्टवेअर त्यांच्या स्वतःच्याच संकेतस्थळावरून घ्यायचं आणि तिथे छापलेला पडताळणीचा आकडा जुळवून बघायचा. ‘फुकट डाउनलोड’ म्हणून पहिल्या दिसलेल्या पानावरून कधीच नाही.

आता प्रत्यक्ष काम. समजा फोनवर दीड तासाचं कविसंमेलन आहे, साधारण ११ जीबीचं. हॅंडब्रेक उघडा, फाइल ओढून आत टाका. वरच्या यादीतून ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार साचा निवडा. पहिल्याच पानावर डबा एमपी४ ठेवा आणि ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ या चौकोनात खूण करा. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. या खुणेमुळे ती पुढे येते आणि बघणाऱ्याला अख्खी फाइल उतरायची वाट बघावी लागत नाही.

मग ‘व्हिडिओ’चं पान. इथे खरी मेख आहे. ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ नावाची एक सरकपट्टी दिसेल, तिचा आकडा आरएफ. एक्स२६४ साठी तो ० ते ५१ असतो. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. फुल एचडीला २० ते २४ च्या दरम्यान ठेवायचा असं हॅंडब्रेकवाले सांगतात. ढोबळ हिशेब असा की आकडा ६ ने वाढवला तर फाइल साधारण निम्मी होते. आपल्या व्याख्यानांना मी २३ ठेवतो. एकच माणूस बोलतोय, मागे पडदा आहे, तिथे २० ठेवून काही जास्त दिसत नाही. ‘फाइल अमुक एमबीचीच हवी’ असा हट्ट मात्र धरू नये. दर्जा ठरवावा आणि आकार ज्याचा त्याला होऊ द्यावा.

त्याच पानावर वेगाची दुसरी पट्टी आहे, ‘अल्ट्राफास्ट’पासून ‘प्लासिबो’पर्यंत. हळू चालवलं तर संगणक फरक शोधायला जास्त डोकं लावतो आणि त्याच दर्जाची फाइल लहान निघते. लॅबमधल्या जुन्या मशीनवर ‘स्लो’ ठेवलं तर दीड तासाच्या कार्यक्रमाला कित्येक तास लागू शकतात. लागू द्या. ‘ॲड टू क्यू’ करून चार-पाच कार्यक्रम रांगेत लावायचे, घरी जायचं आणि सकाळी येऊन बघायचं. व्यापारी सेवा विकते तो मुख्यतः हा वेळ. आणि वेळ, सभागृहाचं बुकिंग सोडलं तर, आपल्या मंडळाकडे भरपूर आहे.

फोनच्या रेकॉर्डिंगची एक खोड : उजेड कमी झाला की फोन दर सेकंदाची चित्रसंख्या कमी-जास्त करतो. पुढे संपादनात आवाज आणि ओठ यांची फारकत होते ती यामुळे. त्याच पानावर ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडला की हा त्रास टळतो. जुन्या हॅंडिकॅमचं चित्रीकरण असेल आणि हात हलताना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसत असतील, तर ‘फिल्टर्स’मध्ये डीइंटरलेस चालू करा. आवाजासाठी एएसी. नुसतं भाषण असेल तर मोनो पुरे, पण गाणं असेल तर स्टिरिओच ठेवा, पेटी-तबल्याचा आवाज पैसे वाचवायची जागा नव्हे.

यातून ११ जीबीचा कार्यक्रम साधारण दीड जीबीवर येतो. ४८०पी ची आणखी एक छोटी प्रत केली तर ती अर्ध्या जीबीच्या आत बसते. रोजच्या दीड जीबीवर भागवणाऱ्या वसतिगृहातल्या मुलांना हीच पाठवायची. सुरुवातीचं ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ तेवढं कापायचं असेल तर लॉसलेसकट वापरा. तेही एफएफएमपेगवर उभं आहे आणि पुन्हा आकसल्याशिवाय कापून देतं. फक्त काप नेमक्या सेकंदाला पडेलच असं नाही, जवळच्या पूर्ण चित्रापाशी पडतो.

आणि आता आपल्या अक्षरांबद्दल

मराठी मंडळाच्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो भाग उपशीर्षकांचा. आपल्या सभासदांची नातवंडं मराठी ऐकून समजतात, पण भराभर वाचलेली कविता त्यांच्या हाती लागत नाही. पडद्याखाली ओळ दिसली तर लागते.

संगणकात ‘कि’ साठवला जातो तो आधी क आणि मग वेलांटी असा. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी काढायची असते. ‘अर्थ’मधला र आधी येतो, पण रफार बनून थ च्या डोक्यावर बसतो. ही जुळणी करायला सॉफ्टवेअरमध्ये वेगळी यंत्रणा लागते, मुक्तस्रोतात तिचं नाव हार्फबझ. एफएफएमपेग आणि हॅंडब्रेक चित्रावर उपशीर्षकं रंगवतात ती लिबास नावाच्या लायब्ररीमार्फत, आणि लिबास हार्फबझ वापरते. म्हणून तिथे जोडाक्षरं नीट येतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही जुळणी नसते, त्यात वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि ‘स्त्री’चे हलन्त तुकडे पडतात. सॉफ्टवेअर पारखायचं असेल तर ‘किर्लोस्कर’, ‘निष्कर्ष’ आणि ‘ऱ्हस्व’ हे तीन शब्द टाकून बघा. तिसरा मुद्दाम घेतलाय. तो अर्धा र मराठीचा खास आहे आणि हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टांत तोच आधी बिघडतो.

उपशीर्षकं साध्या मजकुराच्या एसआरटी फाइलीत लिहायची : क्रमांक, सुरू-बंद होण्याची वेळ, ओळ. नोटपॅड पुरतं, फक्त जतन करताना यूटीएफ-८ निवडा. हॅंडब्रेकच्या ‘सबटायटल्स’ पानावर ती आत घेताना भाषा ‘मराठी’ निवडायला विसरू नका. ‘बर्न इन’वर खूण करू नये असं माझं ठाम मत आहे. खूण केली तर अक्षरं चित्रात कायमची कोरली जातात. मग शुद्धलेखनाची चूक सापडली (आणि आपल्या मंडळात ती सापडतेच) तर अख्खं एन्कोडिंग पुन्हा. वेगळी ठेवली तर दोन मिनिटांत दुरुस्ती होते, आणि कुठल्या कार्यक्रमात कुठली कविता वाचली गेली हे मजकुरात शोधताही येतं.

फुकट आणि मुक्त

दोन शब्दांत गल्लत नको. एक्स२६४ चा कोड मुक्त आहे, पण एच.२६४ या पद्धतीवर अनेक कंपन्यांची पेटंटं होती आणि ती एकत्रितपणे परवान्याने दिली जात. इंटरनेटवर प्रेक्षकांना मोफत दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओवर शुल्क कधीच घेणार नाही, असं एमपीईजी एलए या परवाना देणाऱ्या कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर केलं. आपले कार्यक्रम याच प्रकारात मोडतात. २०१३ चा एचईव्हीसी मात्र परवान्यांच्या तीन-तीन गटांत अडकला. त्या कटकटीला कंटाळूनच ॲमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स २०१५ मध्ये एकत्र आले आणि २०१८ मध्ये रॉयल्टी न घेता वापरता येणारा एव्ही१ कोडेक त्यांनी बाहेर काढला. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी! एव्ही१ मध्ये फाइल आणखी लहान होते आणि हॅंडब्रेकमध्ये तो आहेही. पण जुन्या फोनांत त्यासाठी वेगळी चिप नसते, बॅटरी भसाभस उतरते. आपले निम्मे प्रेक्षक मुलाने जुना झाला म्हणून दिलेला फोन वापरणारे आजी-आजोबा आहेत. म्हणून तूर्त एच.२६४ च.

युट्यूबवर टाकलं की झालं, असं काहीजण म्हणतात. दाखवायला जरूर टाका. पण युट्यूब आपल्या फाइलीच्या स्वतःच्या आकसलेल्या प्रती दाखवतं, मूळ फाइल जपण्याची जबाबदारी आपलीच राहते. स्वतःचा सर्व्हर चालवण्याची हौस आणि माणूस दोन्ही असतील तर पीअरट्यूब हा मुक्त पर्याय आहे, आत पुन्हा एफएफएमपेगच. आपल्याला तो आत्ता झेपणार नाही असं मला वाटतं.

आणि मूळ फाइल कधीही पुसायची नाही. एन्कोड केलेली प्रत बघण्यासाठी असते, जपण्यासाठी मूळ. दोन वेगळ्या डिस्क, दोन वेगळ्या घरांत.

जिथे मूळ डिजिटल फाइलच नाही, त्या व्हीएचएस कॅसेटींचं काय? त्यांच्यासाठी एफएफव्ही१ नावाचा कोडेक आहे. नीडरमायर यांचाच. तो आकसतो, पण एक ठिपकाही गमावत नाही. २०२१ मध्ये त्याचं वर्णन इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेत रीतसर प्रसिद्ध झालं, त्यामुळे पन्नास वर्षांनी कुठलंच जुनं सॉफ्टवेअर उरलं नाही तरी तो कागद वाचून कुणीतरी उलगडणारा प्रोग्राम लिहू शकेल. फाइली मोठ्या होतात, हे खरं. पण फीत दरवर्षी थोडी थोडी विरत जाते आणि चालू स्थितीतले व्हीसीआर कमी होत चाललेत, तेव्हा एकदाच आणि नीट उतरवून घेणं बरं. मंडळाच्या कपाटात अशा अकरा कॅसेटी निघाल्या आहेत. दोघींवर बुरशी आहे, त्या मशीनमध्ये घालू नयेत म्हणून वेगळ्या ठेवल्यात. आणखी कुणाच्या माळ्यावर संमेलनाच्या, नाट्यप्रयोगाच्या किंवा घरच्या मुंजीच्या कॅसेटी असतील तर मंडळाच्या खोलीत आणून द्या. वर साल आणि कोण कोण दिसतंय ते पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर उत्तम, नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारून चिठ्ठी चिकटवा.